निसर्गवाटाड्या व्हायचंय? आधी एकच वाट पाठ करा

पायवाट

अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर काय करावं लागतं, प्राणीशास्त्राची पदवी लागते का, असे प्रश्न इथे अधूनमधून निरनिराळ्या धाग्यांवर येतात आणि विषयांतरात हरवून जातात. म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे. मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी एका अभयारण्यात स्वयंसेवी गाइड म्हणून काम करते. निसर्गवाटेवर गट नेणं, शाळेची मुलं आली की त्यांच्याबरोबर अर्धा दिवस काढणं, कधी माहिती केंद्राच्या टेबलाशी बसणं. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी जरूर लिहावं.

पदवी लागत नाही. नव्याने येणारे बहुतेक जण पक्ष्यांचं पुस्तक पाठ करायला घेतात. वाईट काहीच नाही त्यात, पण सुरुवात तिथून करू नका. एक-दीड किलोमीटरची एकच वाट निवडा आणि गट न घेता तिच्यावर चाला. पहाटे चाला, भर दुपारी चाला, पाऊस पडून गेल्यावर चाला, पानगळीत चाला. कुठल्या झाडाला कधी फळं धरतात, सकाळचं ऊन कुठल्या वळणावर आधी उतरतं, मुंग्यांची रांग वाट कुठे ओलांडते, पावसानंतर कुठल्या चिखलात ठसे टिकतात हे तुम्हाला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. तुमच्याबरोबर आलेल्या माणसाला आज, आत्ता जे समोर आहे तेच दिसणार असतं. पुस्तकातली नावं ऐकायला तो इतक्या लांब आलेला नसतो.

एक उदाहरण देते. आमच्या वाटेवर कमरेइतक्या उंचीची झुडपं आहेत. त्यांच्या काही पानांवर पांढरट, वेडीवाकडी रेघ असते. शेती करणारे लगेच ओळखतील, नागअळी. पानाचा वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा यांच्या मधे राहून ही अळी आतला हिरवा गर खात पुढे सरकते. पान तोडायचं नाही, फक्त देठाशी धरून उजेडाकडे किंचित वळवायचं. मग विचारायचं, "ही रेघ कुठे सुरू झाली असेल आणि कुठे संपली असेल?" पहिल्यांदा सगळे गप्प असतात. मग कोणीतरी मान वाकडी करून पाहतं आणि म्हणतं, "इकडे बारीक आहे, तिकडे रुंद होत गेलीये." का रुंद झाली असेल? "अळी मोठी झाली!" आतले काळे ठिपके कसले? तिची विष्ठा. आणि रेघ जिथे संपते तिथे काय झालं असेल? एका जिवाचं जवळजवळ अख्खं बालपण त्या पानावर आहे, आणि मी त्यातलं काहीच सांगितलेलं नसतं. त्यांनीच वाचलेलं असतं. घरी गेल्यावर ही माणसं कुंडीतल्या पानावर तीच रेघ शोधतात.

या कामाचा विचार ज्यांनी नीट मांडला त्यांत फ्रीमन टिल्डन (१८८३–१९८०) यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. ते शास्त्रज्ञ नव्हते, पत्रकार आणि लेखक होते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये गाइड लोकांशी कसं बोलतात हे त्यांनी हिंडून पाहिलं आणि १९५७ मध्ये सहा तत्त्वं मांडली. नुसती माहिती सांगणं म्हणजे उलगडा करणं नव्हे, हे त्यातलं एक. शिकवण्यापेक्षा कुतूहल चेतवणं महत्त्वाचं, हे दुसरं. आणि मला सगळ्यात पटलेलं: मोठ्यांसाठी तयार केलेलं बोलणं पातळ करून मुलांना देऊ नका, मुलांसाठी मुळातूनच वेगळी रीत लागते.

आता हाता-पायाच्या गोष्टी. गट थांबवाल तेव्हा सूर्य तुमच्या तोंडावर आणि त्यांच्या पाठीवर हवा. डोळे तुमचे दिपू देत, त्यांचे नकोत. अरुंद वाटेवर रांग असेल तर दाखवायच्या वस्तूशी पोचताच थांबू नका. निम्मी रांग पुढे जाऊ द्या, मग मागे येऊन मध्ये उभे राहा. नाहीतर शेवटच्या चौघांना तुमचा फक्त आवाज येतो. शेवटचा माणूस येऊन त्याचा श्वास जागेवर बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि पहिला थांबा निघाल्यापासून लगेच, दोन-चार मिनिटांत घ्या. चालण्याचा वेग आणि बोलण्याचा आवाज तिथेच ठरतो.

शेवटचं, थोडं कडक. अभयारण्याला अत्यंत हुशार पण दोनदा येऊन गायब होणाऱ्या माणसाचा उपयोग नसतो. शाळेची बस आली आणि गाइड आला नाही तर पन्नास मुलं उन्हात उभी राहतात. महिन्यातून एकच दिवस द्या, पण तो द्याच. सुरुवातीचे काही महिने जुन्या गाइडच्या मागे फिरावं लागतं. ते कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका.

गवतफूल

किती छान लिहिलंय! नागअळीचं वाचून लगेच गॅलरीत जाऊन आले. सापडली एक रेघ. :)

एक प्रश्न. लोक मोठा प्राणी बघायला येतात. तो दिसलाच नाही तर गट नाराज होत नाही का? मला याचीच भीती वाटते.

पायवाट

@गवतफूल, होतो ना. आणि नाराजीची निम्मी पायाभरणी गाइडच करून ठेवतो. "परवा इथेच, या वळणावर होता" हे वाक्य निघताना कधीही म्हणू नका. त्यानंतर लोक फक्त ते वळण बघतात, बाकीची वाट त्यांना दिसतच नाही.

मी निघतानाच सांगते की जंगलात बहुतेक वेळा प्राणी आपल्याला आधी बघतो. मग त्याच्या खुणा शोधायचं काम गटाला देते. ठसे, विष्ठा, खोडावरचे ओरखडे, घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्या. घुबड भक्ष्य बरंचसं अख्खं गिळतं, आणि न पचणारी हाडं-केस गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकतं. ती गोळी काडीने उकलली की आत उंदराचा जबडा दातांसकट निघतो. हा जबडा हातमोजा घातलेल्या तळहातावर ठेवून भिंगातून बघणारं माणूस मोठा प्राणी दिसला नाही म्हणून कुरकुर करताना मी तरी पाहिलेलं नाही.

खडूफळा

मी शिक्षक आहे, मुलांना घेऊन येणाऱ्यांच्या बाजूचं लिहितो.

चांगले गाइड मिळाले तसे वाईटही. एका ठिकाणी गाइडने प्रत्येक झाडापाशी थांबून शास्त्रीय नाव, कुळ, उपयोग असं एकसुरात सांगितलं. सहावीची मुलं तिसऱ्या झाडानंतर एकमेकांच्या पाठीवर काड्या टोचायला लागली. गाइडला राग आला, मुलांना बोलणी बसली, आणि "जंगल म्हणजे गप्प उभं राहायची शिक्षा" हे त्यांच्या मनात बसलं. दुसरीकडे कार्यपत्रिका भरून घेतली होती. हेतू चांगला होता, पण मुलं पूर्ण वेळ कागदाकडे बघत चालली. "सर, सातव्या प्रश्नाचं उत्तर काय?" डोक्यावर सुतारपक्षी खोड ठोकत होता आणि एकाचीही मान वर झाली नाही.

माझी विनंती अशी की सहलीच्या आधी शिक्षकांशी एकदा फोनवर बोला. वर्गात सध्या काय चालू आहे, कोणाला दम्याचा त्रास आहे, कोणाला मधमाशीची अॅलर्जी आहे, कोण घाबरट आहे, कोण पळून जाणारा आहे, हे आम्हाला माहीत असतं. आणि सहलीनंतर एखादं काम द्या जे शाळेच्या आवारात करता येईल. सहल एका दिवसात संपते, आवार वर्षभर तिथेच असतं.

भिंगरी

खडूफळा सर, कार्यपत्रिकेबद्दल हजारदा अनुमोदन. मी लहान मुलांच्या गटांबरोबर काम करते. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना खेळ द्यावा.

माझा आवडता खेळ: वाटेच्या वीस-पंचवीस पावलांच्या पट्ट्यात, कडेकडेने, माणसाने बनवलेल्या दहा-पंधरा वस्तू आधीच ठेवायच्या. काही ठसठशीत, उदाहरणार्थ लाल फुगा. काही लपून जाणाऱ्या, जसं की तपकिरी पेन्सिल फांदीला समांतर, गंजका खिळा सालीच्या भेगेत, हिरवी रबराची चकती गवतात. मुलांनी एकेकट्याने, न बोलता, काहीही न उचलता चालायचं आणि शेवटी माझ्या कानात आकडा सांगायचा. पहिल्या फेरीत कोणी पाच सांगतं, कोणी सहा. मी फक्त म्हणते, "अजून आहेत." दुसऱ्या फेरीत ती मुलं गुडघ्यावर येतात. त्या वेळी पेन्सिल तर सापडतेच, पण सालीवर बसलेला, सालीच्याच रंगाचा पतंगही सापडतो, जो मी ठेवलेला नसतो. मग रंग आणि लपणं यावर बोलायला मला दोन वाक्यं पुरतात. (वस्तू ठेवताना मोजा, उचलताना पुन्हा मोजा. एकही मागे राहता कामा नये.)

दुसरा, वटवाघूळ आणि पतंगाचा. एकाचे डोळे बांधायचे, तो वटवाघूळ. बाकी दोन-तीन पतंग, इतर मुलांचं रिंगण. वटवाघळाने "वटवाघूळ!" ओरडलं की पतंगांनी लगेच "पतंग!" ओरडायचं, आणि त्या आवाजावरून त्याने पकडायचं. प्रतिध्वनीवरून शिकार कशी करतात हे फळ्यावर तासभर समजावून जे होत नाही ते इथे पाच मिनिटांत होतं.

अजून एक, मनापासून. लहान मुलांना जंगलतोड, वणवे, नष्ट होणाऱ्या प्रजाती यांच्या गोष्टी सांगून घाबरवू नका. डेव्हिड सोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १९९० च्या दशकात हे ठासून मांडलं होतं की चौथीच्या आधी शोकांतिका नकोत. आधी जवळीक होऊ दे. ज्या जागेशी नातंच नाही तिच्या संकटाचं ओझं सात वर्षांच्या मुलाने का वाहायचं?

एकांडा

चर्चा चांगली आहे. मी प्रामुख्याने छायाचित्रं काढायला जातो. मला हे समजत नाही की गाइड मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवायला नकार का देतात. दोन मिनिटं वाजवलं, पक्षी समोर आला, सगळ्यांनी पाहिला, गट खूश. यात कोणाचं काय नुकसान?

पायवाट

@एकांडा, पक्ष्याच्या बाजूने बघा. विणीच्या काळात त्याने आपली हद्द ठरवलेली असते. तुम्ही वाजवलेला आवाज त्याला घुसखोराचा वाटतो. तो खाणं सोडतो, घरट्यापासून दूर येतो, न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. त्या वेळात अंडी उघडी पडतात. तुमच्यासाठी दोनच मिनिटं असतात, पण तुमच्यानंतर अजून एक गट येतो, दुपारी अजून एक. गाजलेल्या जागी हेच दिवसभर चालतं.

आमचा नियम साधा आहे: आपल्यामुळे प्राण्याचं वागणं बदललं, तर आपण फार जवळ आलो. त्याने खाणं थांबवून मान वर केली की आपण थांबायचं. तो सरकला की आपण मागे. अंतराचे आकडे प्रत्येक ठिकाणचे निराळे असतात, ते पाळायचेच, पण ही खूण कुठेही चालते.

एकांडा

हद्दीचा मुद्दा या अंगाने कोणी सांगितला नव्हता. "नियम आहे" एवढंच ऐकवतात. कारण सांगितलं तर माझ्यासारखे बरेच जण ऐकतील.

वनवस्ती

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. माझं गाव अभयारण्याच्या हद्दीला लागून आहे आणि मी पैसे घेऊन काम करणारा गाइड आहे. वर सगळं चांगलं लिहिलंय, पण एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून काढतो.

आमची कमाई सुट्टीच्या दिवसांची. स्वयंसेवक येतात तेही सुट्टीलाच. फुकट फेरी मिळत असेल तर लोक आमच्याकडे का येतील? शहरातून आलेल्या ताई-दादांची मन लावून काम करण्याची वृत्ती मी पाहिलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांचा छंद आणि आमचं पोट एकाच वाटेवर येतं तेव्हा ठेच आम्हालाच लागते. शिवाय हद्द आखली तेव्हा चराई, सरपण, मध हे सगळं आमच्याच घरांनी सोडलं. गाइडचं काम ही त्याची थोडीफार भरपाई होती.

पायवाट

वनवस्ती दादा, हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. धाग्यात हे यायलाच हवं होतं.

आमच्याकडे स्वयंसेवकांनी पैसे देणाऱ्या पर्यटकांची फेरी घ्यायचीच नाही असं ठरलेलं आहे. आम्ही फक्त शाळांचे मोफत कार्यक्रम, माहिती केंद्र, वाटेची डागडुजी आणि नोंदी बघतो. शाळांच्या फेरीतही पुढे गावातले गाइड असतात आणि त्यांचं मानधन अभयारण्य देतं. हे असंच असायला हवं असं माझं ठाम मत आहे. स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारावं: मी जे काम फुकट करणार आहे, ते आधी कोणी पैसे घेऊन करत होतं का? उत्तर "हो" असेल तर दुसरं काम मागा.

आणि वाट पाठ असणं म्हणजे काय हे मी शिकले ते गावातल्या गाइडांकडूनच. माकडाने दिलेला इशारा आणि माकडांचं आपसातलं भांडण यातला फरक मला कानाने कळायला फार वेळ लागला. त्यांना तो कुणी सांगावाही लागत नाही.

वनवस्ती

तुमच्याकडे असेल तसा नियम, सगळीकडे नाही. कागदावर असतो तिथेही गर्दीच्या दिवशी कोण बघतं? पण विचारायचा प्रश्न तुम्ही बरोबर सांगितलात. तेवढा जरी प्रत्येकाने विचारला तरी फरक पडेल.

खडूफळा

वनवस्ती दादांचं म्हणणं पटलं. आमची शाळा मोफत कार्यक्रमच शोधते, कारण पालकांना झेपत नाही. यापुढे गाइडच्या मानधनाचं आधी विचारून घेईन.

कानोसा

मला जन्मापासून दिसत नाही. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. "दाखवायचं", "बघायचं" हे शब्द इतक्या वेळा आले की लिहावंसं वाटलं.

मी गटाबरोबर अभयारण्यात गेले आहे. बहुतेक गाइड माझ्या सोबत्याशी बोलतात, माझ्याशी नाही. एक तरुण स्वयंसेवक मात्र वेगळा निघाला. त्याने आधी विचारलं, "हात धरू की माझ्या कोपराला धरून चालाल?" मग एका झाडापाशी थांबून माझा तळवा खोडावर ठेवला. साल खरखरीत होती, उभ्या भेगा होत्या. "आता झाडाला फेरी घाला, हात उचलू नका." निम्म्या फेरीनंतर साल बदलली. थंड, दमट, मऊसर काहीतरी लागलं. शेवाळ. "इथे ऊन पोचत नाही," तो म्हणाला. झाडाची सावलीची बाजू मला हाताला कळली. पुढे त्याने दोन झाडांची गळलेली पानं चुरगाळून वास घ्यायला दिली आणि विचारलं की ओढ्याचं पाणी कुठल्या बाजूला आहे. मी बरोबर सांगितलं. गटातल्या डोळस लोकांपैकी निम्म्यांना ते सांगता आलं नाही.

गाइड होणाऱ्यांनी आपली एक वाट डोळे मिटूनही चालून बघावी. सोबत कोणीतरी घेऊन, अर्थातच.

पायवाट

कानोसा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या पुढच्या प्रशिक्षणात वाचून दाखवला तर चालेल का? साल चाचपत झाडाला फेरी घालणं मी डोळस गटांबरोबरही करून बघणार आहे.

कानोसा

जरूर वाचा.

सांजवेळ

वय ६८, गुडघे साथ देत नाहीत. माझ्यासारख्याला यात जागा आहे का? वनस्पतींची आवड जुनी आहे.

भिंगरी

काका, नक्की आहे! माहिती केंद्रात एक हाताळणीचं टेबल असतं: गळून पडलेली पिसं, सापाची कात, बिया, रिकामी घरटी, दगडफूल आलेली फांदी. (अर्थात अभयारण्याने परवानगी घेऊन ठेवलेल्याच वस्तू.) तिथे शांतपणे बसून बोलणारं माणूस हवंच असतं. दगडफुलाचंच घ्या. बुरशी आणि शैवाल अशा दोन जिवांची ती भागीदारी. बुरशी घर देते, शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं. हवेतल्या सल्फर डायऑक्साइड या प्रदूषक वायूला यातल्या कित्येक जाती इतक्या नाजूक असतात की दगडफूल कुठे वाढतं आणि कुठे नाही यावरून हवेचा अंदाज बांधतात. तुमची वनस्पतींची आवड इथे कारणी लागेल.

भिंग द्याल तेव्हा एक सांगा: भिंग डोळ्याला टेकवा आणि वस्तू भिंगाजवळ आणा. लोक भिंग हातभर लांब धरतात आणि "काही दिसत नाही" म्हणून परत देतात.

नोंदवही

एकाच वाटेच्या मुद्द्यात माझी भर. तीच वाट वर्षानुवर्षं चालणाऱ्याची वही संशोधकांसाठी मोलाची असते. अमेरिकेतले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० सालच्या नाताळात पक्षी मारण्याच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजण्याची प्रथा सुरू केली. ती गणना आजही दरवर्षी होते. आता अशा नोंदी संकेतस्थळांवरही करता येतात: पक्ष्यांसाठी ई-बर्ड २००२ पासून आहे, सगळ्याच सजीवांसाठी आयनॅचरलिस्ट २००८ पासून. नोंद करताना फक्त दुर्मीळ पक्षी लिहू नका. दिसलेले सगळे लिहा, किती वेळ आणि किती अंतर चाललात तेही लिहा. कावळा-चिमणी लिहायचे राहिले तर ते कमी झाल्याचं कोणाला कधी कळणारच नाही.

एक सावधगिरी. घरट्याची, ढोलीची किंवा गुहेची नेमकी जागा जाहीर करू नका. संकटग्रस्त प्रजातींच्या जागा ही संकेतस्थळं बरेचदा आपणहून धूसर करतात, पण गटातल्या कोणीतरी काढलेल्या फोटोत जागेची माहिती लपलेली असते. निघण्यापूर्वीच मोबाईलमधलं लोकेशन बंद करायला सांगा.

गवतफूल

जमिनीवर पडलेलं पक्ष्याचं पिल्लू मुलांनी उचलून आणलं तर? हात लागला की आई टाकून देते म्हणतात.

नोंदवही

तो समज चुकीचा आहे. माणसाच्या वासामुळे पक्षी पिल्लू टाकून देत नाहीत. पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते बहुधा उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळपासच असतात. जिथून आणलं तिथेच, जवळच्या झुडपात ठेवा आणि गट लांब न्या. उघडंबोडकं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर घरट्यात ठेवा. जखमी असेल तर वनरक्षकाला कळवा. घरी नेऊन पाळणं नाही.

प्रथमोपचार

मी परिचारिका आहे आणि स्वयंसेवकांना प्रशिक्षण देते, त्यामुळे रुक्ष पण गरजेचं लिहिते. गट निघण्यापूर्वी त्याच सकाळी वाट एकदा चालून या: पडलेली फांदी, नवीन मोहोळ, निसरडा दगड. मोहोळ असेल तर गट त्या वाटेने न्यायचाच नाही. परफ्यूम, दगड मारणं, धूर, आरडाओरडा बंद. ढग गडगडले की उघड्या माळावरून आणि एकट्या झाडाखालून बाहेर पडा. साप चावल्यास त्या माणसाला चालवू नका. अवयव हलवायचा नाही, बांगडी-अंगठी-घड्याळ काढायचं, आणि तडक रुग्णालय. कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही नाही. जवळचं कुठलं रुग्णालय सर्पदंशावर उपचार करतं हे आधीच माहीत करून घ्या.

आणि मुलांच्या गटात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, एक पुढे, एक सगळ्यात मागे. कोणत्याही स्वयंसेवकाने एकट्या मुलाला घेऊन गटापासून दूर जायचं नाही, कारण कितीही साधं असलं तरी. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो टाकायचे नाहीत. चांगलं अभयारण्य स्वयंसेवकाची चौकशी करूनच त्याला मुलांबरोबर ठेवतं. त्याचा राग मानू नका.

पानगळ

एवढे दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते. माझं नाव स्वयंसेवकांच्या यादीत लागलं आहे! पुढच्या महिन्यापासून जुन्या गाइडबरोबर फिरायचं आहे, त्यात एक रात्रफेरीही आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुर्बीण कुठली घेऊ? आणि रात्री काय वेगळं असतं?

पायवाट

@पानगळ, अभिनंदन!

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. लोक दहापटीची घेतात, पण तिच्यात हाताची थरथरही वाढून दिसते आणि दृश्याचा घेर साधारण कमी असतो. गटात हातोहात फिरवायला, विशेषतः मुलांना द्यायला, आठपटीची बरी. मात्र लगेच घेऊ नका. अभयारण्याच्या दुर्बिणी वापरून बघा, मग ठरवा.

रात्री डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि एक पांढरी टॉर्च ती घडी क्षणात मोडते. म्हणून लाल कागद लावलेली किंवा लाल दिव्याची टॉर्च, तीही जमिनीकडे. फ्लॅश पूर्ण बंद. झाडावर झोपलेल्या पक्ष्यावर झोत टाकायचा नाही. तो दचकून उडाला तर अंधारात आपटतो किंवा शिकाऱ्याच्या तोंडी जातो. पहिल्या काही मिनिटांत लोक घाबरून बोलत राहतात. त्यांना एक काम द्या: उभ्या जागी हाताची बोटं मिटत वेगवेगळे आवाज मोजायचे. बोलणं आपोआप थांबतं.

जुन्या गाइडच्या मागे फिरताना वहीत प्राणी लिहू नका, ते नंतर होईल. तो कुठे थांबला, काय विचारलं, गट कुठे पुढे झुकला आणि कुठे मोबाईलकडे वळला एवढंच लिहा. आणि मधल्या वारी जमलं तर एकटीने त्याच वाटेवर जाऊन या. प्रवेशद्वारावर नोंद करून, परतायची वेळ सांगून.

पानगळ

धन्यवाद ताई. फेरी झाली की इथेच लिहीन.

वनवस्ती

पानगळ, पहिल्या दिवशी गावातल्या गाइडला विचारा की पाणवठ्यावर सकाळी कुठल्या बाजूने वारा येतो. वारा तोंडावर घेत गेलात तरच काही बघायला मिळेल.